ओले बूट आणि शीळ

३ जून

बारक्या,

आशीर्वाद घे आणि आधी खाली बस, कारण माझं पत्र बघून कोणीतरी गेलं असंच तुला वाटलं असणार. कोणी मेलेलं नाही. म्हणजे मेलंय, पण टीव्हीवर.

फोनवर हल्ली नुसती खरखर येते. तू तिकडून काहीतरी बोलतोस, मी इकडून 'हो हो' करते, आणि फोन ठेवल्यावर काय ठरलं ते दोघांनाही सांगता येत नाही. फोनवर निरोप लिहायचा म्हटलं तर तुझ्या जाड बोटांना 'बरं' याच्यापुढे काही जमत नाही. म्हणून पत्र. शाळेत तुझं अक्षर चांगलं होतं, बघू किती उरलंय.

मुद्द्यावर येते. सोमवारी आठ वाजता ती नवी रहस्यमालिका सुरू झाली, तळ्याकाठच्या बंगल्याची. नऊ भाग आहेत म्हणे. तू बघतच असशील, खून म्हटलं की तू भरलं ताट सोडून उठतोस. लहानपणीचा नियम आठवतोय ना? शेजारच्यांच्या बंद खिडकीबाहेर विटांवर विटा रचून आपण उभे राहायचो, त्यांच्या टीव्हीवर जाहिराती लागल्या की दोघांनी आपापला संशयित सांगायचा, आणि एकदा सांगितला की बदलायचा नाही. तोच नियम आता पत्रातून.

माझं मत ऐक. खून झालेला न्यायाधीश नीट मेलेला नाही. खुर्चीत मान टाकून पडलाय आणि पोट वर-खाली, वर-खाली. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नोकरी केली, जिवंत काय आणि मेलेलं काय एवढं मला कळतं. दुसरं, तो घरचा डॉक्टर अंगठ्याने नाडी बघतो. अंगठ्याने बघितली की आपलीच नाडी आपल्याला लागते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी याच्यावरून झाप झाप झापते. असल्या माणसाला डॉक्टरचं काम दिलं कोणी?

माझा संशय माळ्यावर. बागेतली पायवाट कोरडी खडखडीत, आणि दारात काढून ठेवलेले त्याचे बूट ओले. तळ्यात उतरल्याशिवाय बूट ओले होत नाहीत. लिहून ठेव.

तुझी ताई


१० जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. वाकताना पोट मध्ये येतं, म्हणून मनातल्या मनात.

खरखर फोनमध्ये नाही, तुझ्या मनात आहे, हे मी ओळखलंय. भाचीकडे जेवायला बसलो होतो तेव्हाचं तू धरून ठेवलंस. मी विचारलं, निवृत्तीचे कागद कधी द्यायचेत? तू म्हणालीस, "नको, पोट भरलं." बारा माणसं पानावर बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं की ताईचं डोकं यंदाच निवृत्त झालं, बाकीची ताई पुढच्या वर्षी होईल. सगळे हसले. तू उठलीस आणि भांडी घासायला लागलीस. तेव्हापासून तुझा फोन वाजतो आणि वाजतच राहतो. चुकलं माझं. जिभेला हाड नाही. पण त्यासाठी बहिणीने पोस्टाचा खर्च करावा?

असो. मालिका बघतोच आहे. घरी हिच्या सासवा-सुनांच्या मालिका चालतात म्हणून मी दुकानातच छोटा टीव्ही ठेवलाय, किल्ल्या बनवायच्या मशीनशेजारी. तो छत्रीवाला इन्स्पेक्टर मला आवडला. ऊन असो, सावली असो, छत्री हातात. पण त्याने न्यायाधीशाच्या खोलीचं कुलूप केसाच्या आकड्याने तीन सेकंदांत उघडलं तेव्हा मी टीव्हीवर फडकं टाकायचा बाकी होतो. तीस वर्षं कुलपं उघडतोय मी! त्या जातीचं कुलूप आकड्याने उघडत नाही, आकडाच आत मोडतो, आणि मग माझ्यासारख्याला बोलावून वर हसं करून घ्यावं लागतं.

तुझा माळी तुलाच लखलाभ. माझा संशयित म्हणजे त्या न्यायाधीशाचा पुतण्या. का म्हणशील, तर ती शीळ. खोलीबाहेरून कोणीतरी हळू शीळ घालत गेलं, आठवतंय? चार सूर, मग थांबा, मग तेच चार सूर. ती शीळ घालणारा तोच खुनी, आणि घरात तसला निवांत माणूस एकच आहे.

शिळेबद्दल तुझं काय म्हणणं?

तुझा बारक्या (वजन ब्याण्णव किलो)


१८ जून

बारक्या,

मी रागावलेले नाही. रागावले असते तर तुला पत्र नाही, नोटीस आली असती.

तुझा पुतण्या मला पटलेला नाही. कशावरून? त्याने आतापर्यंत काय केलं? सोफ्यावर बसला, खिडकीत उभा राहिला, सरबत प्यायला. हे गुन्हे असतील तर आपल्या घराण्यातले सगळे पुरुष आत जातील. माळ्याकडे बघ. तिसऱ्या भागात त्याने हातातलं घड्याळ उजव्या मनगटावर घातलंय, पहिल्या भागात डाव्या होतं. आणि न्यायाधीशाची बायको, ती विधवा बाई, त्याच्याशी बोलताना सारखी स्वतःची अंगठी फिरवते. जिचं मन साफ, तिचे हात स्वस्थ असतात. बाळंतिणींचे हात बघून मी सांगते कोण घाबरलंय आणि कोण नुसतं ओरडतंय.

इथे सगळं नेहमीसारखं. नव्या तीन मुली आल्यात. पोटावर नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचं काम मी आता त्यांच्याकडेच सोपवलंय. शिकायला नको का त्यांनी? मी आहे अजून दीड वर्ष. ठोके मोजायचं मशीन आहे, पण ते एकच आणि ते मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात.

तुझं अक्षर चांगलं आहे हे कबूल.

ताई


२४ जून

ती. ताई,

आता मान तुकव! चौथा भाग बघितलास ना? पुतण्या आरशासमोर दाढी करत होता आणि तोंडातल्या तोंडात तेच चार सूर! मी दुकानात एकटाच टाळी वाजवली. समोरचा चष्मेवाला धावत आला, त्याला वाटलं मला करंट बसला. आता तू काय बोलणार सांग. की नियम आहे म्हणून माळ्याला धरून बसणार?

पण आज मी नुसता मालिकेसाठी लिहीत नाहीये. तुझ्या कपाटाची नवी किल्ली बनवून आमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे दिली होती. तो सोमवारी तुझ्या दारात दहा मिनिटं उभा होता. घंटा वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. खिडकीतून दिसत होतं म्हणे की तू टीव्हीसमोर पाठ करून बसली आहेस. टीव्हीचा आवाजही बंद केलेला. म्हणजे दारात कोणी आलंय हे कळूनच आवाज बंद केलास ना? माझ्याकडून आलेला माणूस म्हणून दार उघडलं नाहीस?

ताई, मी लहान आहे, चुकलो तर कानफटात मार. पण दार बंद करू नकोस. आई गेल्यापासून माझं दार तेवढं एकच आहे. वाईट वाटलं म्हणून वाईट वाटलं लिहितोय.

किल्ली त्याच्याकडेच आहे.

बारक्या


१ जुलै

बारक्या,

उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. मी न्हाणीघरात होते. नाहीतर डोळा लागला असेल. टेम्पोवाल्यांना काय, काहीही दिसतं. किल्ली पोस्टाने पाठव.

मालिका मात्र आता कैच्या कै चाललीये. पाचव्या भागात त्यांनी दोन मिनिटं नुसतं तळं दाखवलं. तळं, तळ्यावरचं धुकं, परत तळं. दिग्दर्शक झोपला असणार आणि त्याला उठवायची कोणाची हिंमत झाली नसणार. आणि तळं संपल्याबरोबर इन्स्पेक्टर उठतो आणि पुतण्याला बेड्या घालतो! कशाच्या जोरावर? त्याने काय केलं बिचाऱ्याने? दाढी केली, एवढंच. पुरावा नको, साक्ष नको, उचलला की घातला आत. तो इन्स्पेक्टर आवडतो म्हणतोस ना, ठेव त्याला दुकानात कुलपं राखायला.

माळी अजून मोकळा फिरतोय आणि बूट अजून ओले आहेत.

ताई


५ जुलै

ताई,

हे एकटी असशील तेव्हा वाच.

तुझं पत्र आल्याबरोबर उभ्या उभ्या वाचलं आणि खूप हसलो. दाढी केली, एवढंच! हिलाही वाचून दाखवलं. मग रात्रीच्या जेवणाआधी परत वाचलं आणि ताटावर बसलोच नाही.

ताई, त्या दोन मिनिटांत न्यायाधीशाची टेप लागली होती. चित्र तळ्याचं, पण आवाज त्याचा. मेलेला माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता की माझा पुतण्या मला मारणार आहे, आणि का मारणार आहे. अख्ख्या मालिकेत याच्याहून मोठा पुरावा नाही. माझ्या दुकानात पान चघळत थांबलेल्या रिक्षावाल्याला तो कळला. आणि चौतीस वर्षं डॉक्टरांच्या चुका काढणाऱ्या माझ्या बहिणीला कळला नाही?

शनिवारी दुपारी तो भाग परत लागतो. काल मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि अख्खा भाग बघितला. संपल्यावर तुझी पत्रं काढून बसलो. तू जे जे लिहिलंस ते सगळं मला दिसलं. बूट, अंगठी, घड्याळ. शपथेवर सांगतो, आवाज चालू असताना यातलं एकही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि जे तू लिहिलं नाहीस, ते मलाही कळलं नाही. शिळेबद्दल मी दोन पत्रांत विचारलं, तू अवाक्षर काढलं नाहीस. भाचीकडे मी एक विचारलं, तू भलतंच उत्तर दिलंस, आणि मी गाढवासारखा हसलो. टेम्पोवाला दार बडवत होता आणि तू पाठ करून बसली होतीस. मी इकडे साप साप म्हणून भुई धोपटत होतो की ताई रागावली, ताई रागावली.

छत्रीवाल्याने हे छत्री आपटून सांगितलं असतं. मला आपटायला काही नाही. ताई, तुला ऐकू येत नाही.

त्या बंद खिडकीचं तुला सांगायचं राहून गेलंय. काचेतून आवाज यायचा नाही, नुसतं चित्र. तू माझ्या कानाशी तोंड लावून प्रत्येकाचे संवाद म्हणायचीस. म्हातारीचा आवाज वेगळा, हवालदाराचा वेगळा. मला वाटायचं तुला कसं सगळं ऐकू येतं! सोळा वर्षांचा झालो तेव्हा तीच मालिका परत लागली. आवाजासकट बघितली. एकही वाक्य तू सांगितलं होतंस तसं नव्हतं, आणि खुनी तर दुसराच निघाला. तुला बोललो नाही, कारण मला तुझाच खुनी जास्त पटला होता.

आता जे विचारायचंय ते लिहायला हात धजत नाही. ताई, ते ठोके. मुली ऐकतात म्हणतेस. मुली प्रत्येक वेळी असतात का? ज्या दिवशी नसतील त्या दिवशी काय करतेस?

मला उत्तर देऊ नकोस हवं तर. पण तिथे कोणालातरी दे. जी किल्ली लागत नाही तिच्यावर जोर लावायचा नसतो, आत मोडली की दारच फोडावं लागतं. आणि त्या दाराआड दुसऱ्याचं लेकरू आहे.

तुझा बारक्या


२१ जुलै

बारक्या,

तुझं पत्र आल्यावर पहिले चार दिवस मी तुला इतक्या शिव्या दिल्या की तुला ठसका लागून लागून जीव नकोसा झाला असेल. तू कोण मला सांगणारा? कुलपं दुरुस्त करतोस, माणसं नाही. मग शिव्या संपल्या आणि पत्र उरलं. ते मी कामावर जाताना खिशात घेऊन जायचे.

दोन वर्षं झाली. आधी चहाच्या भांड्याचा आवाज गेला, मग मागून बोलणारी माणसं गेली. समोर उभं राहून सावकाश बोललं तर अजून कळतं, निम्मं कानाने, निम्मं ओठांवरून. टीव्ही मोठा केला तर शेजारीण भिंत ठोकायची. ती भिंत ठोकते हेही मला तिने दारात येऊन सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून आवाज बंदच ठेवते. चालू ठेवून ऐकू न येणं सोसवत नाही रे. बंद ठेवला की मीच बंद केलाय असं वाटतं.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. एप्रिलमध्ये एक शिवणकाम करणारी आली होती, पहिलटकरीण. मुली रजेवर, मोठे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत. मी नळी लावली. काही नाही. जागा बदलली. काही नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला कळेना की बाळ गेलंय की माझा कान गेलाय. आणि मी काय केलं ठाऊक आहे? हसले, 'छान आहे' म्हणाले, आणि कागदावर मिनिटाला १४० ठोके असं लिहिलं.

१४० मी बनवला, बारक्या. तुला संवाद बनवून सांगायचे तसा. तेव्हा चुकलं तर एक खुनी बदलायचा. इथे जीव होता. अर्ध्या तासाने डॉक्टर मशीन घेऊन आले, बाळ ठणठणीत होतं, जन्मलं ते तीन किलोचं. महिन्याभराने ती त्याला दाखवायला घेऊन आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, तुम्ही हसलात म्हणून मला धीर आला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्यासारखी लबाड बाई त्या इमारतीत दुसरी नाही.

गेल्या गुरुवारी परत तसंच झालं. सवयीने नळी मीच लावली. काही नाही. शेजारी नवी मुलगी उभी होती. मी कागद घेतला आणि ठोक्यांच्या रकान्यात लिहिलं, "मला ऐकू आले नाहीत. दुसऱ्या कोणी ऐकावे." खाली सही. मुलीने वाचलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातून नळी घेतली, ऐकलं आणि त्याच्याखाली १४८ लिहिलं.

तो कागद मी स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे नेला. ते खाली मान घालून बराच वेळ बोलत राहिले. मी म्हटलं, साहेब, तोंड वर करा आणि सावकाश बोला, मला ऐकू येत नाही. बोलून टाकलं. एप्रिलचंही सांगितलं. ते चिडले, आणि ते बरोबर होतं. आता वरून निर्णय यायचाय. तोवर मी औषधांच्या खोलीत बसते आणि कापसाचे गठ्ठे लावते. नोकरी जाईल की राहील माहीत नाही. घरी येऊन रडले. मग झोप मात्र लागली, दोन वर्षांत लागली नव्हती तशी.

तू इकडे धावत येऊ नकोस. तू आलास की मी रडेन आणि तू त्याहून जास्त रडशील. येत्या सोमवारी शेवटचा भाग आहे. बघून घे. मी बघणार आहे, आवाज बंद करून.

ताई


२८ जुलै

ती. ताई,

आलो नाही, कारण तू नको म्हणालीस. पण बॅग भरून दाराशी ठेवलीये, हिचा रोज त्यात पाय अडकतो आणि रोज मला बोलणी बसतात.

तुझं पत्र वाचून मी काय केलं ते सांगत नाही. चष्मेवाल्याला विचार.

आता माझी पाळी. तेव्हा तू मला सांगायचीस ते काय बोलतायत, आता मी तुला सांगतो. काल शेवटचा भाग वही घेऊन बघितला आणि रात्री बसून नीट उतरवून काढला. सोबत बावीस पानं आहेत. एक शब्द माझ्या पदरचा नाही. जिथे आवाज आहे तिथे आवाज लिहिलाय, जिथे शीळ आहे तिथे शीळ. मधला तुकडा इथेच देतो, कारण तो तुझा आहे:

इन्स्पेक्टर: हे बूट कोणाचे?
माळी: माझे, साहेब.
इन्स्पेक्टर: आणि पाय?
(मागे तळ्याच्या पाण्याचा आवाज, हळू.)
माळी: पाय धाकट्या मालकांचे. त्या दिवशी माझे बूट घालून तेच पाण्यात उतरले. मला म्हणाले, बोललास तर तुझी नोकरी गेली.
(कुलूप उघडल्याचा आवाज. हा कुलपाचा नाही. कोणीतरी ताटलीवर चमचा आपटलाय. मी लिहून देतो.)

म्हणजे बघ, धाकटे मालक तोच पुतण्या. बूट तू पकडलेस, शीळ मी पकडली. तुला एकटीला माळी सापडायचा, आणि मला एकट्याला बूट दिसायचे नाहीत.

एक जागा मात्र कोरी आहे. पान एकोणीस. विधवा बाई आणि इन्स्पेक्टर तळ्याकाठी बाकावर येऊन बसतात, आणि नेमके तेव्हाच कोपऱ्यावरचे म्हातारे गृहस्थ धावत आले. दार लोटलं गेलं, किल्ली आत, गॅसवर दूध. पळावं लागलं. दूध वाचलं, पण परत आलो तेव्हा बाकाचा प्रसंग संपून जाहिरात चालू होती. चार मिनिटं तरी गेली. शनिवारपर्यंत थांबलो असतो तर परत बघता आलं असतं, पण मला धीर निघेना. रिक्षावाला दुकानात मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "काहीतरी प्रेमाचं असेल, लिहून टाका." मनात आलं, लिहून टाकावं. मग तुझा कागद आठवला आणि तसंच सोडलं. तिथे काय झालं मला माहीत नाही. माफ कर.

तुझा बारक्या


४ ऑगस्ट

बारक्या,

बॅग रिकामी कर. तुझ्या बायकोचे पाय मोडशील.

निर्णय आला. नोकरी राहिली. ठोके ऐकायचं काम कायमचं काढून घेतलं आणि एप्रिलबद्दल लेखी ताकीद दिली. ताकीद मी सही करून घेतली. सकाळी दोन तास नव्या मुलींना शिकवायचं, पोटाला हात लावून बाळ कसं आहे ते ओळखायचं. ते काम माझ्या हातांना अजून येतं. उरलेला दिवस कापूस. कानाचं मशीन पुढच्या महिन्यात मिळणार आहे. तपासणाऱ्या बाईने नमुना म्हणून एक लावून दाखवलं. बाहेर कोणी बादली ठेवली तर दोन गाड्या आपटल्यासारखं वाटलं, पण माझ्याच चपलांचा आवाज ऐकला आणि जरा हसू आलं. त्या शिवणकामवालीकडे जाऊन खरं सांगायचंय अजून. रविवारी जाईन. तेवढं एक उरलंय.

तुझी बावीस पानं मी तीनदा वाचली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा भाग डोळ्यांपुढे आणून, तिसऱ्यांदा मोठ्याने. तो चमचा वाचून मी औषधांच्या खोलीत एकटी हसले आणि मुली बघायला आल्या. इन्स्पेक्टर इतकं कमी बोलतो हे मला कुठे माहीत होतं? मला वाटत होतं सतत उपदेश करतोय. बरा माणूस निघाला.

पान एकोणीस बघितलं. वरती तू लिहिलंस 'बाकावर बसतात', आणि खाली पान कोरं. रिक्षावाल्याचं ऐकलं नाहीस ते चांगलं केलंस.

तो प्रसंग मी डोळ्यांत तेल घालून बघितला होता. छत्री दोघांच्या मध्ये ठेवली होती, मिटलेली. तिने अंगठी काढली, तळहातावर धरली आणि परत घातली. त्याने तळ्याकडे बघितलं. मी दोघांच्या ओठांवरून नजर हलवली नाही, कारण हल्ली मी तिथेच ऐकते. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोघांचेही ओठ मिटलेले होते. तिथे कोणी काही बोललंच नाही, बारक्या. चार मिनिटं नुसते शेजारी बसले होते. तू काहीही चुकवलं नाहीस.

तुझी ताई